पगारी बागुलबुवा

घोड्यांना घाबरवायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असली नोकरी जगात कुणाला मिळते? बुवांना मिळाली होती. सकाळी केसांना तेल लावून, हातात डबा घेऊन, एखादा कारकून कचेरीला निघावा तसे ते घरातून निघायचे आणि तळ्याजवळच्या घोडेस्वारीच्या शाळेत जाऊन दिवसभर छत्र्या उघडायचे, पत्रे बडवायचे, प्लास्टिकच्या पिशव्या फडफडवायचे, कुंपणामागून एकदम उठून उभे राहायचे. शाळेतली पोरं त्यांना बागुलबुवा म्हणायची. मोठ्यांनी त्यातला बागुल गाळला आणि बुवा तेवढे ठेवले, एवढाच काय तो मान.

आणि हे बुवा स्वतः एक नंबरचे भित्रे! पाल दिसली की खुर्चीवर. फोन वाजला की कपातला चहा बशीत. शिवणयंत्रावर बसलेल्या बायकोने मागून नुसतं "अहो" म्हटलं तरी माणूस जागच्या जागी उडायचा. घोड्यावर तर ते जन्मात कधी बसले नव्हते. "मी घोड्याला घाबरवतो, घोडा मला घाबरवतो, फिट्टंफाट," असं ते म्हणायचे. "वर बसून आणखी भर कशाला घालायची?"

आधी ते नाटक कंपनीत होते. रंगमंचावर नाही हो, विंगेत. वादळ, पाऊस, बंदुकीचा बार, दारावरची थाप, लांब कुठेतरी रडणारं मूल, हे सगळं म्हणजे बुवा. मोठा पत्रा हलवला की ढगांचा गडगडाट. परातीत वाटाणे फिरवले की मुसळधार पाऊस. पुढे ते नाट्यगृह विकलं गेलं, तिथे फर्निचरचं दुकान आलं, आणि बुवा पत्र्यासकट घरी आले. पत्रा पलंगाखाली गेला. केर काढताना झाडू लागला की तो खणखणायचा आणि बुवा दचकायचे. स्वतःच्याच पत्र्याला!

त्यांची लेक घोडेस्वारीच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. तिनेच शाळेच्या मालकीणबाईंच्या कानावर घातलं की आमच्या घरी एक वादळ रिकामं बसलंय. बाई उंच, आवाज खणखणीत, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांना असा माणूस हवाच होता. पोरांना पाठीवर बसवायच्या आधी प्रत्येक घोड्याला जगातल्या आवाजांची आणि फडफडीची सवय लावायची, हा त्यांचा शिरस्ता.

"घोडा मुद्दाम करत नाही, बुवा," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. आजूबाजूचं सगळं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं नाही. आणि रानात जो आधी विचार करून मग पळाला, तो कुणाच्या तरी पोटात गेला. हे सगळे आधी पळून मग विचार करणाऱ्यांचे वंशज."

बुवांना हे इतकं पटलं की त्यांचा ऊर भरून आला. आपलंही खानदान हेच!

बाईंची पद्धत साधी होती. आवाज आधी लांबून, आधी बारीक. घोड्याने मान वर केली की तिथेच थांबायचं, त्याला बघू द्यायचं, हुंगू द्यायचं. त्याने मान खाली टाकली, ओठ चघळले, लांब श्वास सोडला की गाजर. मग एक पाऊल पुढे. बुवांनी पहिल्या दिवशी हौसेने पूर्ण गडगडाट केला होता तेव्हा तीन घोडे, एक गाढव आणि शाळेचा हिशेबनीस असे पाच मिनिटांत कुंपणाबाहेर गेले होते. त्यानंतर बुवा शिकले. सांगितलेलं ऐकणारा माणूस होता तो.

मग आली दचकी.

तिचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. काळसर तपकिरी घोडी, मागच्या एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखा पट्टा, आणि चेहरा कायम कुणीतरी वाईट बातमी सांगणार असल्यासारखा. डबक्यात चमकलेलं ऊन तिला चालत नसे. काल उजवीकडे ठेवलेली बादली आज डावीकडे दिसली की घोडीबाई अडून उभ्या. छान चाललीय, छान चाललीय, आणि एकदम सर्रकन बाजूला! वर बसलेला माणूस जिथे घोडी होती तिथेच राहायचा, फक्त खाली घोडी नसायची.

आणि लेकीचा जीव नेमका हिच्यावर जडला. "ती नाटक करत नाही, बाबा," लेक म्हणायची. "घाबरली की घाबरली. लपवत नाही."

"नाटकाला नावं ठेवू नकोस," बुवा म्हणायचे, पण ते आपले उगाच.

बाईंनी शेवटी निकाल दिला. "पोरांची सुट्टी संपली की घोड्यांचा व्यापारी येतोय. तोपर्यंत ही घोडी तळ्याला एक फेरी घालून, पाठीवरच्या माणसासकट परत आली तर राहील. नाही तर जाईल. पोरांच्या शाळेत मला असला फटाका नको." व्यापाऱ्याकडे गेलेल्या दचकणाऱ्या घोड्याचं पुढे काय होतं ते तबेल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. चाबूक खात या हातातून त्या हातात, आणि दर खेपेला आधीपेक्षा वाईट हातात. त्या दिवशी लेकीने घरी येऊन जेवण टाळलं.

बुवांचं मन मात्र दोन्हीकडे ओढत होतं. खरं सांगायचं तर घोडी गेली असती तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं. पोरगी रोज त्या फटाक्यावर बसते, या विचाराने त्यांच्या पोटात गोळा यायचा. पण तिचं पडलेलं तोंड बघवायचं नाही. शेवटी लेकीच्या तोंडाने पोटातल्या गोळ्यावर मात केली आणि बुवांनी पलंगाखालचा पत्रा काढला.

काय ती मेहनत! पिवळा रेनकोट घालून बुवा रिंगणाबाहेर उभे, आत दचकीवर लेक. छत्री झाली, फुगे झाले, सायकलची घंटा झाली. दोरीवर चादरी वाळत घालून झाल्या. गालिचे झटकून झाले. प्रत्येक खेपेला लांबून सुरुवात, प्रत्येक खेपेला गाजर. आणि आश्चर्य बघा, दचकी सुधारत गेली. आधी उडायची, मग नुसती थरथरायची, मग नुसते कान टवकारायची, आणि शेवटी तर गडगडाट सुरू होण्याआधीच बुवांकडे तोंड करून गाजराची वाट बघत उभी राहायला लागली. बुवांची छाती अशी फुगली की रेनकोटाची बटणं लागेनात.

"आता खरं वादळ आलं तरी ही त्याच्याकडे गाजर मागेल," ते बाईंना म्हणाले.

"रस्त्यावर काढून बघू," बाई म्हणाल्या. त्यांचा आपला गाजरांवर फारसा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी लेक दचकीला घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर पडली. बुवा फाटकातच थांबले. आणि थोड्याच वेळात घोडी परत आली. एकटीच. लगाम लोंबतोय, खोगीर रिकामं.

त्या रिकाम्या खोगिराकडे बघून बुवांच्या तोंडचं पाणी पळालं. ते धावत सुटले. लेक सापडली ती एका बांधकामासमोरच्या वाळूच्या ढिगाऱ्यात बसलेली, केसांत वाळू, एक मनगट दुसऱ्या हातात धरलेलं. मनगट मुरगळलं होतं, बाकी धडधाकट. झालं होतं एवढंच की पहिल्या मजल्यावरच्या एका बाईने गॅलरीतून गालिचा झटकला होता.

"गालिचा?" बुवा घरी आल्यावर येरझाऱ्या घालायला लागले. "गालिचा तर आपण केला होता! सतरंजी केली, पायपुसणंसुद्धा सोडलं नाही. मग हिला झालं काय?" ते थांबले, खाकरले, आणि पुन्हा म्हणाले, "घोडी फितूर आहे."

शिवणयंत्रावर बसलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या काकूंनी, कापडावरची नजर न काढता विचारलं, "त्या गॅलरीतल्या बाईने गालिचा झटकायच्या आधी खाकरलं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही खाकरता ना. आत्ता खाकरलात. लग्न झाल्यापासून ऐकतेय. चहा मागायचा असला की खाकरता. नाट्यगृह बंद पडलं त्या दिवशी दारात उभे राहून असे खाकरलात की मी विचारलं, काय, विकलं का?"

"मी? मी खाकरतो?" बुवा संतापून म्हणाले, आणि त्याआधी खाकरले.

लेक दुखरा हात धरून खो खो हसायला लागली.

आता खरी गोम अशी होती. विंगेतून अचानक बार उडाला तर समोरचा नट वाक्य विसरतो. म्हणून बुवा प्रत्येक आवाजाच्या आधी बारीकसं खाकरायचे, म्हणजे नट सावध. वर्षानुवर्षं हे करून घशाला सवयच लागली. आणि आता रिंगणाबाहेरही तेच. आधी खाकरणं, मग गडगडाट, मग गाजर. दचकीला गडगडाटाची सवय झालीच नव्हती मुळी! बुवा खाकरले की जेवणाची घंटा झाली, एवढंच ती शिकली होती. जग मात्र खाकरून येत नाही. गॅलरीतली बाई कशाला खाकरेल? इथेच घोडं पेंड खात होतं.

"मग मी खाकरणार नाही," बुवांनी जाहीर केलं.

त्यांनी प्रयत्न केला, नाही असं नाही. पण पत्र्याला हात घातला की घशात खवखव. दाबून धरली की चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, आणि शेवटी जो काही आवाज निघायचा त्याने दचकीच काय, तबेल्यातला सगळ्यात म्हातारा घोडाही मान वर करायचा. बाईंनी हात टेकले. मग काकूंनी पदरमोड न करता, कुणाची परवानगी न घेता सगळा कारभार हातात घेतला.

त्यांनी गल्ली कामाला लावली. इस्त्रीवाल्याला चादर झटकायचं काम. सायकल दुरुस्तीवाल्याला ट्यूबमधली हवा फुस्सकन सोडायचं. बेकरीवाल्याला रिकामा ट्रे खाली टाकायचा. शेजारचे निवृत्त मास्तर, ज्यांना शिंक आली की गल्लीतली कुत्री उठायची, त्यांना नुसतं मोकळ्या हवेत बसवायचं. सगळ्यांना ताकीद एकच: आधी लांबून, आधी बारीक, पण कळू न देता. घोडीने मान वर केली की थांबायचं. कपडे रोज वेगळे, जागा रोज वेगळी. मनगट बरं होईपर्यंत लेक पाठीवर बसणार नव्हती, ती घोडीच्या खांद्याशी चालत तिला गल्लीतून फिरवायची. घोडी थबकली की हीही थबकायची. ओढाओढ नाही, आरडाओरडा नाही. बघ बाई, बघून घे, आणि झालं समाधान की चल.

इस्त्रीवाला फार हौशी निघाला. तिसऱ्या दिवशी चादर डोक्यावर घेऊन तो स्वतःच भूत होऊन धावत आला. काकूंनी त्याला असा झापला की तो तीन दिवस चादरींच्या घड्या चुकवत होता. "नाटक नकोय," काकू ओरडल्या, "रोजचं जगणं हवंय!" हे ऐकून बुवांना जरा लागलं. पण त्यांना आता एकच काम होतं, लांब बाकावर बसून आवाज न करणं.

दुसरीकडे बाईंनी लेकीची शाळा घेतली. "गालिचा झटकला तेव्हा घोडीच्या आधी तू दचकलीस," त्यांनी पडण्याची हकिगत ऐकून तोंडावर सांगितलं. लेकीला राग आला, पण खरं होतं. गॅलरीत ती बाई गालिचा उचलताना तिने पाहिली होती. गुडघे आवळले, लगाम खेचला, श्वास रोखला. घोडीला गालिचा दिसलाही नसेल, पाठीवरचं माणूस आखडलेलं तेवढं कळलं.

"ती आधी सांगते, तू ऐकत नाहीस," बाई म्हणाल्या. "दोन्ही कान एकाच दिशेला खिळले, मान फळीसारखी कडक झाली, पाऊल आखूड पडलं, तर समज की पुढचं येतंय. तेव्हा तू मोठ्याने श्वास सोड. बूड जड कर. एका हाताने तिचं तोंड हलकंसं बाजूला वळव, म्हणजे तिला सरळ रेषेत पळता येत नाही. पळालीच तर दोन्ही लगाम खेचून तिच्याशी कुस्ती खेळू नकोस, गोल फिरव आणि गोल लहान करत आण. आणि मारायचं तर बिलकूल नाही. भूत दिसलं म्हणून मार खाल्ला, की भूत खरं होतं याची तिला खात्रीच पटते."

याचा सराव घरी, खुर्चीवर. लेक खुर्चीवर उलटी, पाठीला मिठी मारल्यासारखी बसायची, हातात ओढणीचा लगाम. काकू मागून कागदी पिशव्या फुगवून फोडायच्या. लेकीने प्रत्येक खेपेला हुश्श करून श्वास सोडायचा. आठवडाभराने लेक ढिम्म हलेनाशी झाली. पलीकडच्या खोलीत पेपर वाचणारे बुवा मात्र प्रत्येक पिशवीला वर्तमानपत्र फाडत होते.

सुट्टी संपत आली, लेकीचं मनगटही बरं झालं. फेरीचा दिवस ठरला. बाई स्वतः त्या म्हाताऱ्या घोड्यावर बसून बरोबर निघणार होत्या, कारण शहाणा सोबती शेजारी असला की भित्र्याला धीर येतो. काकूंनी बुवांना बजावलं, तुम्ही घरी बसायचं. तुम्हाला बघून ती गाजर मागत थांबेल.

बुवा घरी बसले. आणि काकू दुकानात दोरे आणायला गेल्याबरोबर मागच्या दाराने पसार झाले. तळ्याकाठी होड्या ठेवायची एक शेड होती, तिच्या भिंतीमागे जाऊन ते लपले. हृदय असं धडधडत होतं की हा आवाज ऐकूनच घोडी उधळेल असं त्यांना वाटलं.

दोन्ही घोडे वळणावर दिसले. पुढे बाई, मागे लेक. एक वाटसरू छत्री उघडून गेला, दचकीने कान फिरवले आणि चालत राहिली. सायकली गेल्या. कुणीतरी पाण्यात दगड भिरकावला. दचकी थबकली, लेकीचा श्वास सुटलेला भिंतीमागेसुद्धा ऐकू आला, घोडी पुढे निघाली. बुवांना नाचावंसं वाटायला लागलं.

आणि शेडच्या छपरावर दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या हातून पत्रा सुटला.

हे कुणी ठरवलेलं नव्हतं. अख्खा, लांबलचक पत्रा छपरावरून घसरत, करकरत आला आणि रस्त्यावर दचकीपासून हाताच्या अंतरावर धाडकन आदळला. बुवांनी आयुष्यभर जे वादळ केलं होतं त्याचा हा बाप होता.

दचकी चारही पायांवर एकदम उडाली. खाली आली ती पाय फाकून, पोट जमिनीला टेकेल एवढी खाली. लेक एका बाजूला कलली, सावरली. "हुश्श," ती म्हणाली, आणि तिचा उजवा हात हलकेच वळला. दचकीचं तोंड पत्र्याकडे फिरलं. ती थरथर कापत होती, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. पण ती उभी होती. लेक काही बोलली नाही, काही ओढलं नाही. दोघींनी पत्रा बघितला. बराच वेळ बघितला. मग दचकीने जोरात फुर्र केलं आणि तिची मान वीतभर खाली आली.

"दचकली," बाई म्हणाल्या.

"दचकली," लेक म्हणाली. "पण पळाली नाही."

"ही नाही पळाली," बाई रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघत म्हणाल्या. "मग ते कोण पळालं?"

पळाले होते बुवा. पत्रा पडल्याबरोबर त्यांनी अशी धूम ठोकली होती की एक चप्पल शेडमागे, दुसरी रस्त्यात, आणि स्वतः ते थेट लांबच्या विजेच्या खांबाला मिठी मारून उभे. आधी पळून मग विचार! आणि विचार आला तेव्हा त्यांनी खांब आणखी घट्ट धरला. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती. वळून बघितलं आणि खोगीर रिकामं दिसलं तर?

लेक खाली उतरली, लगाम बाईंच्या हातात दिला आणि चालत खांबापाशी आली. ती धावली नाही. मागून आली नाही, बाजूने आली, म्हणजे बुवांना ती येताना दिसावी. "काही झालं नाही हो बाबा," असंही म्हणाली नाही. नुसती शेजारी येऊन उभी राहिली आणि त्यांच्या मानेवर, केसांच्या खाली, हात ठेवला.

"मला वाटलं तू गेलीस," बुवा खांबाला म्हणाले. त्यांना रडू येत होतं आणि ते लपवत नव्हते.

"तिकडे बघा," लेक म्हणाली. "बघून घ्या."

बुवांनी बघितलं. रस्त्यात पत्रा पडला होता. छपरावरचा माणूस खाली येऊन बाईंची हात जोडून माफी मागत होता. दचकी उभी होती. बुवांचा श्वास हळूहळू खाली आला. लेक एक पाऊल पुढे गेली, बुवाही एक पाऊल आले. थांबले. ती थांबली. ते निघाले, ती निघाली. अनवाणी माणूस कसा चालतो तसे ते चालत आले, पत्र्याला लांबून वळसा घातला, आणि घोडीसमोर उभे राहिले. खिशात गाजर नव्हतं. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला तेव्हा कळलं की कातडीखाली ती अजून कापतेय, अगदी त्यांच्या हाताइतकीच.

"हिला विकू नका, बाई," ते म्हणाले. "एवढी घाबरली हो ही. एवढी घाबरली, आणि माझ्या पोरीला घेऊन उभी राहिली."

बाईंनी लेकीला खुणेने पुन्हा वर बसायला सांगितलं, आणि खिशातून फोन काढून व्यापाऱ्याला लावला.

"उद्या येऊ नका," त्या म्हणाल्या. मग पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही नाही, सुधारली कसली. दचकतेच. पण आता थांबते."